भाद्रपद-आश्विनांतील बागेचीं फुलें आणि पोथ्यांचा कालनिर्णय

(१) विषयप्रवेश

जुन्या पोथीचा काळ ठरवितांना संशोधक कागद, शाई, अक्षरांचें वळण, समाप्तीचा शक आणि भाषा ह्या साधनांचा उपयोग करितात. ज्या पोथीचें शेवटचें पान हरवलें आहे, तिच्या बाबतींत हीं सर्व साधनें पुष्कळदा अपुरीं पडतात. अशा वेळीं मजकुरांतच कांहीं अंतर्गत पुरावा मिळतो कीं काय, हें पाहावें लागतें. अंतर्गत पुराव्याचा एक प्रकार आमच्या मतें अद्याप पुरेसा वापरला गेलेला नाहीं. तो म्हणजे मजकुरांत येणारीं झाडांचीं व फुलांचीं नांवें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी तंबाखूच्या संस्कृत ग्रंथांतील उल्लेखांचा छडा लावून ह्या वाटेनें किती दूर जातां येतें हें दाखवून दिलें. तंबाखूस जो न्याय, तोच बागेंतील फुलांस लावतां येतो. मात्र फुलांच्या बाबतींत नांवांचा घोटाळा अधिक आहे, आणि तो उलगडल्याशिवाय ह्या साधनास हात घालणें धोक्याचें आहे. प्रस्तुत लेखांत वर्षाऋतु सरतांना, म्हणजे भाद्रपद व आश्विन ह्या दोन महिन्यांत, आपल्याकडील परसबागा ज्या फुलांनीं भरून जातात, तेवढ्यांचाच विचार केला आहे. ह्या दोन महिन्यांत गणपति, महालक्ष्म्या, नवरात्र व दसरा हे सण येतात, आणि म्हणून पूजेच्या पोथ्यांत ह्याच फुलांचीं नांवें वारंवार येतात.

(२) स्थळ

विवेचनासाठीं एखादें ठिकाण डोळ्यांपुढें असलें म्हणजे विषय मोकळा राहत नाहीं. आम्ही त्यासाठीं कुंभार पिंपळगांव हें घेतलें आहे. हें गांव जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांत असून गोदावरीच्या उत्तरेच्या काळ्या जमिनींत वसलेलें आहे. जालना हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला. त्यापूर्वीं हा सर्व प्रदेश दीर्घकाळ निजामाच्या राज्यांत, त्याच्याही आधीं मोगलांच्या दख्खन सुभ्यांत, आणि त्याही आधीं निजामशाहींत मोडत होता. जवळच जांब हें समर्थ रामदासांचें जन्मगांव (शके १५३०) आहे. वर नदीकांठीं पैठण, वायव्येस पूर्वीचें औरंगाबाद म्हणजे मलिक अंबरानें १६१० मध्यें वसविलेली खडकी. संस्कृत विद्येचें जुनें पीठ, फारसी दरबार आणि रामदासी मठांची परंपरा ह्या तिहींच्या मध्यें असलेल्या अशा गांवाच्या परसांत जीं फुलें आढळतात, त्यांत ह्या तिन्हींचे अवशेष सांपडावे हें स्वाभाविकच आहे.

गांवाच्या नांवांतच पिंपळ आहे, आणि जांब हेंही नांव झाडावरूनच पडलेलें दिसतें. ह्या दुसऱ्या नांवाकडे आम्ही पुढें पुन्हा वळणार आहों.

(३) मूळचीं फुलें

भाद्रपदांतील फुलांपैकीं जीं ह्या देशचीं किंवा फार पुरातन काळापासून येथें रुळलेलीं, त्यांत पारिजातक, गोकर्ण, केवडा, जाई, जुई, तेरडा व जास्वंद हीं प्रमुख होत. ह्यांचे संस्कृत पर्याय कोशांत व निघंटूंत स्थिर झालेले आहेत. कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराच्या मानसोल्लासांत (इ. स. बाराव्या शतकाचा पूर्वार्ध) माल्योपभोग म्हणून स्वतंत्र प्रकरण आहे, त्यांत येणारें कोणतेंही फूल ह्या जुन्या वर्गांतीलच असलें पाहिजे, हें उघड आहे.

ह्यांपैकीं पारिजातकाची एक हकीकत येथें सांगण्याजोगी आहे. गार्सिया द ऑर्त नांवाचा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्यें गोव्यास आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाशीं त्याचा चांगला घरोबा होता व तो त्याच्या दरबारीं जाऊन औषधोपचार करीत असे. त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्यें गोव्यांत छापला गेला. त्यांत पारिजातकास त्यानें ‘दुःखी वृक्ष’ असें म्हटलें असून, सूर्यावर आसक्त झालेल्या व त्यानें अव्हेरल्यामुळें प्राणत्याग केलेल्या कन्येच्या रक्षेंतून हें झाड उगवलें, म्हणून त्याचीं फुलें सूर्याचें तोंड पाहत नाहींत, ही कथा दिली आहे. लिनीयसानें पुढें ह्या झाडास जें शास्त्रीय नांव दिलें, त्यांत हें ‘दुःखी वृक्ष’ लॅटिन रूपानें कायम राहिलें. ज्या निजामशाहीच्या प्रजेंत जांब-पिंपळगांवची मंडळी होती, तिच्याशीं निकटचा संबंध असलेल्या वैद्यानें आपल्या परसांतील फुलाची गोष्ट युरोपास सांगितली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. जमिनीवर पडलेलें फूल देवास वाहूं नये असा सामान्य नियम असतांना पारिजातकास मात्र त्यांतून सूट आहे. एवढ्यावरून ह्या फुलाचें पूजेंतील स्थान किती जुनें व दृढ आहे हें दिसून येतें.

गोकर्णास संस्कृतांत अपराजिता म्हणतात. विजयादशमीच्या कृत्यांत अपराजितापूजन, शमीपूजन व सीमोल्लंघन हा विधीचा कणा आहे. कमलाकरभट्टाच्या निर्णयसिंधूंत (१६१२) हींच कृत्यें सांगितलीं आहेत. कमलाकरभट्ट काशीस राहणारा खरा, परंतु त्याचें घराणें मूळ पैठणचें. म्हणजे गोदातीरचाच आचार त्याच्या घरांत परंपरेनें चालत आलेला होता. ह्या गोष्टीचा उपयोग पुढील विवेचनांत होईल.

(४) समुद्रमार्गें आलेला झेंडू

आतां झेंडू घेऊं. आज कुंभार पिंपळगांवांत काय किंवा महाराष्ट्रांतील कोणत्याही गांवांत काय, झेंडूवांचून दसरा होत नाहीं. दारास तोरण, गाडीस माळ, नांगरास, मापास, वहीस आणि शस्त्रास फूल, सर्वत्र झेंडू. एवढें सर्वव्यापी फूल पुरातनच असलें पाहिजे असा कोणाचाही समज होईल. परंतु वनस्पतिशास्त्र निःसंदिग्धपणें सांगतें कीं, झेंडूच्या बागेंतील दोन्ही जाती, मोठा झेंडू व मखमली झेंडू, मूळच्या मेक्सिको व त्याच्या दक्षिणेकडील प्रदेशांतील आहेत. तेथील आज्तेक लोक ह्या फुलास ‘वीस पाकळ्यांचें फूल’ अशा अर्थाच्या नांवानें ओळखीत, व मेक्सिकोंत आजही मृतांच्या स्मरणदिनीं ह्याच फुलांच्या राशी मांडतात. कोलंबसाची सफर १४९२ मधील. १५४२ मध्यें जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ फुक्स याच्या ग्रंथांत झेंडूचें चित्र छापलेलें आहे, आणि तेथें त्याला ‘हिंदी’ म्हटलें आहे. इंग्रजींत मोठ्या झेंडूस ‘आफ्रिकन’ व लहानास ‘फ्रेंच’ म्हणण्याची चाल पडली. ह्या तिन्ही विशेषणांपैकीं एकही खरें नाहीं. फूल कोठून आलें हें नांवावरून ठरवूं गेल्यास काय गत होते, त्याचें हें उत्तम उदाहरण होय.

हिंदुस्थानांत झेंडू पोर्तुगीजांच्या द्वारें सोळाव्या शतकांत आला असें सामान्यतः मानतात. आपल्याकडील भाषांचा पुरावाही ह्या मतास पोषक आहे. नव्या वस्तूस लोक दोन रीतींनीं नांव देतात: तिच्या आकारावरून, किंवा ओळखीच्या वस्तूस ‘परकी’ हें विशेषण जोडून. हिंदींत गेंदा म्हणजे चेंडू. कानडींत ह्या फुलास चेंडु हूवु, म्हणजे चेंडूचें फूल, म्हणतात. तेलुगूंत बंति ह्या शब्दाचा अर्थही चेंडूच. मराठींतील झेंडू व चेंडू ह्या शब्दांतील साम्य ह्या पंक्तींत बसवून पाहिलें म्हणजे तें केवळ योगायोगाचें वाटत नाहीं. कोंकणांत गोंडा म्हणतात तेंही आकारावरूनच. तामिळांत तर तुलुक्क शामंदी, म्हणजे तुरकी शेवंती, असें म्हणतात. येथें दुसरी रीत दिसते. शेजारच्या इतक्या भाषांपैकीं एकींतही ह्या फुलास कमळ, केवडा किंवा जाई ह्यांच्यासारखें स्वतंत्र व जुनें नांव नसावें, ही गोष्ट बोलकी आहे.

इतक्या अल्पकाळांत हें फूल घरोघर कसें पसरलें, ह्याचें कारण त्याच्या स्वभावांत आहे. दसऱ्याचें तोरण वाळलें कीं तेंच पुढील वर्षाचें बीं होतें. तें चुरडून मृगाच्या पावसांत परसांत अगर बांधावर टाकलें कीं आश्विनांत फुलें हजर. माळ्याची, पाटाच्या पाण्याची वा धन्याच्या कृपेची त्यास गरज नाहीं. भाजीच्या वाफ्याभोंवतीं झेंडू लावण्याची शेतकऱ्यांची चाल आहे. त्याच्या मुळांतील द्रव्यांनीं जमिनींतील सूक्ष्म सूत्रकृमींना आळा बसतो असें आतां प्रयोगांनींही सिद्ध झालें आहे.

येथें एक विचार सुचतो. निर्णयसिंधूंत दसऱ्याचा जो विधि आहे, त्यांत झेंडूस स्थान नाहीं. आणि आजही पुरोहित विधि सांगतांना शमी व आपटाच सांगतो. झेंडू दारावर आहे, शस्त्रावर आहे, पण संकल्पांत नाहीं. परकें फूल घराच्या आचारांत शिरलें. शास्त्राच्या यादींत त्याला शिरतां आलें नाहीं. पोथीच्या अभ्यासकास हा भेद फार उपयोगी आहे.

(५) दरबारमार्गें आलेलीं फुलें

परकीं फुलें सर्वच गोव्याच्या बंदरांतून थेट आलीं नाहींत. कांहीं मुसलमानी दरबारांच्या बागांतून खेड्यांत उतरलीं, आणि त्यांचीं नांवें त्यांच्या प्रवासाची साक्ष देतात. गुलबक्ष, ज्यास गुलबास असेंही म्हणतात, तो दक्षिण अमेरिकेचा. इंग्रजींत त्यास पेरू देशाचें आश्चर्य म्हणत. परंतु आपलें नांव पोर्तुगीज नसून फारसी ‘गुल-ए-अब्बास’ ह्याचा अपभ्रंश आहे, व त्याचा संबंध इराणचा शहा अब्बास (राज्यकाल १५८८–१६२९) याच्याशीं जोडतात. मलबारांत हें फूल सतराव्या शतकांत चांगलें रुळलें होतें. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीड याच्या ‘हॉर्तुस मलाबारिकुस’ ह्या बारा खंडांच्या ग्रंथांत (१६७८–१६९३) तें ‘अंदिमलरी’, म्हणजे सायंकाळीं फुलणारें, ह्या नांवानें आलें आहे. ह्याच ग्रंथाच्या कामीं रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट ह्या तिघां कोंकणी वैद्यांनीं साहाय्य केलें, व १६७५ मध्यें त्यांनीं दिलेलें नागरी अक्षरांतील प्रमाणपत्र त्यांत छापलेलें आहे. हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं हें पृष्ठ अवश्य पाहावें. छापलेल्या नागरीच्या अगदीं आरंभींच्या नमुन्यांपैकीं तें एक आहे.

दुसरें फूल निशिगंध, म्हणजेच गुलछडी किंवा गुलछबू. हेंही मेक्सिकोचें, आणि ह्याचें नांवही फारसी ‘गुल-ए-शब्बू’ ह्यावरून आलेलें, म्हणजे रात्रीं सुवास देणारें फूल. निशिगंध हें त्याचें संस्कृत वळणाचें नांव त्या अर्थाचेंच आहे. निशिगंधाचा प्रसार मात्र झेंडूसारखा झाला नाहीं. त्याचे कांदे एका बागेंतून दुसऱ्या बागेंत हातानें न्यावे लागतात, आणि दुहेरी पाकळ्यांच्या जातीस तर बींच धरत नाहीं. म्हणून तें दीर्घकाळ बागवानाचें व धनिकाचें फूल राहिलें, आणि झेंडू कुणब्याचें झालें. बिंयानें पसरणारें फूल व कांद्यानें पसरणारें फूल ह्यांचा इतिहास निराळा असतो.

‘गुल’ हें उपपद पाहून फूल परकें ठरविण्याचा मोह मात्र आवरावा. हिंदींत तेरड्यास गुलमेहंदी म्हणतात, परंतु तेरडा ह्याच देशचा आहे. आपल्याकडे तर ‘तेरड्याचा रंग तीन दिवस’ ही म्हणच आहे. दरबारी भाषेनें देशी फुलांसही आपला पोशाख चढविला, एवढाच त्याचा अर्थ. शिवछत्रपतींच्या आज्ञेनें राजव्यवहारकोश तयार होऊन कारभारांतील फारसी शब्दांस संस्कृत पर्याय देण्यांत आले; पण परसांतील गुलबक्षाच्या नांवास त्या कोशाचा धक्का लागला नाहीं. दफ्तराची भाषा आज्ञेनें बदलतां येते. बायकांच्या वेणींतील फुलाचें नांव आज्ञेनें बदलत नाहीं.

(६) नांव जुनें, झाड नवें

सर्वांत मोठा धोका येथें आहे. कांहीं फुलांचीं नांवें पुरातन आहेत, पण त्या नांवानें आज जें फूल ओळखलें जातें, तें निराळें आहे.

शेवंतीचेंच पाहा. आश्विनाच्या अखेरीस फुलणारी, चीनकडून आलेली जी शेवंती आज आपण ओळखतों, तीस हिंदी व उर्दू भाषांत गुलदाऊदी म्हणतात. परंतु हिंदींत सेवती म्हणजे एक प्रकारचा पांढरा गुलाब, आणि संस्कृत निघंटूंतील सेवंती ही गुलाबाच्याच वर्गांत जाते. अबुल फजलाच्या आईन-इ-अकबरींत सुगंधी फुलांच्या यादींत सेवती आहे. तीस आजच्या आपल्या शेवंतीचा अर्थ लावणें साहसाचें होईल. तेव्हां जुन्या पोथींत सेवंती हा शब्द दिसतांच आपल्या परसांतील शेवंती डोळ्यांपुढें आणूं नये.

चाफ्याचें तसेंच. देवळाच्या आवारांत दिसणारा जाड फांद्यांचा पांढरा चाफा अथवा खुरचाफा हा अमेरिकेचा. ज्ञानेश्वरकालीन (शके १२१२) मराठींत चांफा आला तर तो सोनचांफा किंवा त्याच्या जवळचें एखादें देशी फूल असलें पाहिजे. खुरचाफा असूं शकत नाहीं. मोरीच्या पाण्याच्या आळ्यांत वाढणारी कर्दळ पावसाळ्याच्या शेवटीं तांबड्या-पिंवळ्या तुऱ्यांनीं शोभते. लिनीयसानें तीस ‘इंडिका’ हें विशेषण दिलें, तरी तीही मूळ अमेरिकेचीच. तिचें पान केळीसारखें, म्हणून आपण तीस देवकेळी म्हणतों; आणि मलबारच्या वर सांगितलेल्या ग्रंथांतील तिचें नांवही रानकेळ अशाच अर्थाचें आहे. दोन दूरच्या प्रांतांतील लोकांनीं नव्या झाडास एकाच युक्तीनें नांव दिलें.

आतां जांब ह्या नांवाकडे वळूं. मराठवाड्यांत व वऱ्हाडांत जांब म्हणजे पेरू. पेरू हें झाड अमेरिकेचें. परंतु संस्कृत जंबू ह्यावरून आलेला जांब हा शब्द त्या फळाच्या आगमनापूर्वींचा आहे, आणि तो जांभळास व त्याच्या जातभाईंस लागत असे. शके १५३० मध्यें समर्थांचा जन्म झाला, तेव्हां गांव जांब ह्या नांवानें नांदत होतें. गांवाच्या नांवावरून तेथें पेरूच्या बागा होत्या असें कोणी म्हणूं लागला, तर तो फसेल. ह्याच जिल्ह्यांत आज मोसंबीच्या मोठ्या बागा आहेत, आणि मोसंबी हें नांव आफ्रिकेच्या मोझांबिकवरून आलें असें मानतात. एका नांवानें झाडाचा प्रवास सांगितला, दुसऱ्यानें झांकला.

(७) पोथ्यांस लावावयाचे नियम

वरील विवेचनावरून चार नियम निघतात.

पहिला नियम असा कीं, जें फूल निश्चितपणें अमेरिकेचें, व ज्याचें नांव दुसऱ्या कोणत्याही देशी झाडास लागत नाहीं, तें मजकुरांत असलें तर तो मजकूर सोळाव्या शतकापूर्वींचा असूं शकत नाहीं. गुलबक्ष व गुलछबू ह्या कसोटीस उतरतात. झेंडूही उतरतो, मात्र शब्दाचा अर्थ चेंडू किंवा गोंडा असा तर नाहीं ना, हें संदर्भावरून पाहावें.

दुसरा नियम असा कीं, अशा फुलाचा अभाव हा कांहींच पुरावा नव्हे. गणपतीच्या एकवीस पत्रींत झेंडूचें पान नाहीं; म्हणून पत्रीची प्रत्येक पोथी सोळाव्या शतकापूर्वींची ठरत नाहीं. विधीच्या याद्या जुन्याच चालत राहतात.

तिसरा नियम असा कीं, सेवंती, चांफा, कर्दळ, जांब अशा द्व्यर्थी नांवांवर कालनिर्णय उभारूं नये. त्यांचा उपयोग पुष्टीपुरता, तोही सावधपणें करावा.

चौथा नियम प्रक्षेपाचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा. एका फुलावरून सबंध ग्रंथ अर्वाचीन ठरविण्यापूर्वीं, तें फूल मूळचें कीं मागाहून घातलेलें, हें तपासलें पाहिजे. याद्यांत भर घालणें अत्यंत सोपें असतें. समर्थांचें बागप्रकरण घ्या. कांटेरी झाडांपासून आरंभ करून झाडें, वेली, फळें व फुलें ह्यांचीं नांवेंच नांवें त्यांत ओळीनें गुंफलेलीं आहेत. ओवीचें माप सैल. नकलकारास आपल्या परसांतील एखादें फूल त्यांत बसवावेसें वाटलें, तर छंद त्याला अडवीत नाहीं. उलट, जेथें संख्या ठरलेली असते तेथें नवें नांव घालावयाचें तर जुनें काढावें लागतें. पत्री एकवीसच, बाविसावें पान आलें कीं चोर सांपडतो. अनुष्टुभांतील यादीस अक्षरसंख्येचा पहारा असतो. म्हणून गद्य व ओवी ह्यांतील यादी, श्लोकबद्ध यादी आणि संख्याबद्ध यादी ह्यांस उत्तरोत्तर अधिक विश्वसनीय मानावें. बागप्रकरणाच्या बाबतींत तर वेगवेगळ्या मठांतील नकला ताडून, कोणतें नांव सर्वांत आहे व कोणतें एखाद्याच प्रतींत आहे, ह्याचा तक्ता केला, तर समर्थकालीन बागेचें चित्र व नंतरच्या नकलकारांच्या बागा वेगळ्या काढतां येतील. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरांत शंकर श्रीकृष्ण देव यांनीं जमविलेला रामदासी बाडांचा संग्रह आहे. अशा कामास तो मोठा आधार होय.

शिल्पांवरून झाड ओळखण्याच्या बाबतींतही हाच संयम पाहिजे. भारहुतच्या स्तूपावरील एका फळास कनिंगहॅमनें १८७९ च्या ग्रंथांत सीताफळ म्हटलें. सीताफळ अमेरिकेचें असल्यामुळें त्यावर वाद माजला, व तो अजून उकरला जातो. दगडांतील फळास देंठावरून व खवल्यांवरून नांव देणें निराळें, आणि पोथींत अक्षरांनीं लिहिलेलें नांव वाचणें निराळें. पोथीचा पुरावा ह्या बाबतींत दगडाहून बळकट आहे. मात्र पोथी वाचणाऱ्यानें नांवामागचें झाड ओळखलें पाहिजे.

(८) समारोप

एका बाजूस, पूजेच्या पोथींत झेंडू दिसला कीं ‘ही पोथी अगदीं अलीकडची’ म्हणून ती रद्दींत काढणारे लोक आहेत. दुसऱ्या बाजूस, झेंडू वेदकाळापासून आहे असें मानून कोणत्याही बाडास वाटेल तितकें मागें नेणारेही आहेत. दोघेही सारखेच चुकतात, आणि दोघांच्या चुकीनें पोथ्यांचेंच नुकसान होतें. झेंडू असलेली पोथी तीनशें वर्षांची असूं शकते, व तीनशें वर्षांची पोथी टाकण्याजोगी खचित नव्हे.

म्हणून संग्राहकांस आमची विनंति आहे कीं, आपल्या संग्रहांतील पूजाविधि, व्रतकथा, वैद्यकाचीं बाडें, बागेचे हिशेब व रामदासी चोपड्या ह्यांत फुलांच्या याद्या आढळतील, त्या जशाच्या तशा, मूळच्या शुद्धलेखनासह उतरून ठेवाव्या. ‘सेवंती’ची ‘शेवंती’ करूं नये व ‘गुलबास’चा ‘गुलबक्ष’ करूं नये. पोथी कोणत्या गांवची, हेंही नमूद करावें. कारण एकच शब्द गोदातीरीं एका झाडास व कोंकणांत दुसऱ्या झाडास लागतो. ह्या कामास मोठें पांडित्य लागत नाहीं. गांवांतील म्हाताऱ्या बायकांस कोणतें फूल कोणत्या देवास चालतें व त्यास काय म्हणतात हें विचारून घेतलें, तरी पुष्कळ नांवांचा अर्थ उलगडेल. त्यांच्यामागें हीं नांवें राहणार नाहींत, आणि नांवें गेलीं म्हणजे पोथ्यांतील त्या ओळी वाचतां येऊनही समजणार नाहींत. भाद्रपदांतील महालक्ष्म्यांपुढें फुलें मांडलीं जातात तेव्हां हें विचारण्याची वेळ सर्वांत सोयीची असते. येत्या सणांत ती दवडूं नये.